अर्थचिंतन : आलेख उघडण्यापूर्वी



दिवाळी जवळ आली आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणाचे हे पर्व; याच दिवसांत नवे वीर निर्वाण संवत सुरू होते आणि पेढ्यांवर नव्या चोपड्यांचे पूजन होते. शेअर बाजारही दिवाळीच्या दिवशी मुहूर्ताच्या सौद्यांसाठी थोडा वेळ उघडतो. मुंबई शेअर बाजारात ही प्रथा १९५७ पासून चालत आली आहे. अलीकडे आपल्या घरांतील तरुण चोपडीला हळदकुंकू वाहून झाले की मोबाइल हाती घेतात आणि मुहूर्ताचा एखादा समभाग खरेदी करतात. त्यात वावगे काही नाही. परंतु गेल्या काही महिन्यांत या स्तंभाकडे आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न वारंवार विचारला गेला आहे : ‘मुलाला शेअर बाजाराचे तांत्रिक विश्लेषण शिकायचे आहे. शिकू द्यावे काय?’

माझे उत्तर होकारार्थी आहे. विद्या कोणतीही असो, ती घरात आलेली बरी. मात्र आलेख उघडण्यापूर्वी वहीचे एक पान लिहून काढावे लागते. ते पान कोणते आणि ते आधीच का लिहावयाचे, हे आज सांगावयाचे आहे.

बाजारपेठेतील जुनी विद्या

तांत्रिक विश्लेषण म्हणजे समभागाचा भाव आणि त्यातील उलाढाल यांच्या नोंदींवरून बाजाराचा कल ओळखण्याचा प्रयत्न. कंपनीचा ताळेबंद, तिचा नफा, तिच्यावरील कर्ज यांचा विचार येथे नसतो. तो मूलभूत विश्लेषणाचा प्रांत होय.

नाव परके वाटले तरी ही दृष्टी आपल्या पेढ्यांना अपरिचित नाही. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांत उभा राहणारा जुना अडत्या काय पाहत असे? पहिला भाव काय निघाला, चढत चढत कोठवर गेला, खाली कोठे टेकला आणि सौदे मिटताना काय राहिला. त्याबरोबरच तो आवक पाही. पोती मोजकी आणि भाव मात्र चढा, अशा तेजीवर तो फारसा विसंबत नसे. भरपूर माल येऊनही भाव टिकून राहिला, तर घेणारा खंबीर आहे हे तो जाणे. हरिपूरच्या पेवांतील हळद आज काढावी की ठेवावी, हा निर्णय अशा निरीक्षणावर होत असे.

हेच चार भाव, म्हणजे दिवसाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा, एका आकृतीत मांडले की कँडलस्टिक तयार होते. या पद्धतीची परंपरा जपानमधील तांदळाच्या बाजाराशी जोडली जाते. ओसाका येथील दोजिमा बाजारातील तांदळाच्या वायद्यांना तेथील राजसत्तेने १७३० मध्ये मान्यता दिली होती. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी १८९६ मध्ये १२ कंपन्यांच्या भावांची सरासरी काढून उद्योगांचा निर्देशांक सुरू केला. बाजाराच्या चालीविषयी त्यांनी लिहिलेल्या लेखांतून पुढे डाऊ सिद्धांत आकाराला आला. आज वर्गांतून जे शिकविले जाते, त्याचा पाया तेथे आहे.

आलेख काय सांगतो आणि काय सांगत नाही

नवशिक्याने आरंभी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट कल. भावाचे लागोपाठचे उंचवटे आणि खळगे पूर्वीपेक्षा वर सरकत असतील तर कल तेजीचा. खाली सरकत असतील तर मंदीचा. दुसरी गोष्ट आधारपातळी आणि विरोधपातळी. ज्या भावाला पूर्वी अनेकदा घेणारे पुढे आले तो आधार. ज्या भावाला विकणारे पुढे आले तो विरोध. तिसरी गोष्ट चलसरासरी. गेल्या २० दिवसांचे बंद भाव मिळवून २० ने भागावे. दुसऱ्या दिवशी सर्वांत जुना भाव वगळून नवा धरावा. २०० दिवसांची सरासरी याच रीतीने निघते आणि दीर्घ कल पाहण्यास ती उपयोगी पडते. संगणक हे क्षणार्धात करतो. तरीही पहिला महिना हाताने करावे. हाताने केलेल्या बेरजेतून एक गोष्ट मनावर ठसते : सरासरी नेहमी भावाच्या मागून येते. ती भावाला वाट दाखवीत नाही.

अन्य साधनांचेही असेच आहे. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय हा दर्शक ० ते १०० या मापात फिरतो. तो ७० च्या वर गेला की ‘खरेदी अति झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण जोरदार तेजीत तो अनेक आठवडे ७० च्या आसपास राहू शकतो आणि तेवढ्यावरून विक्री करणारा फसतो.

आलेखाची मर्यादा दाखविणारे एक अलीकडचे उदाहरण पाहावे. ३ जून २०२४ रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या उत्साहात निफ्टी ३ टक्क्यांहून अधिक वाढून बंद झाला. त्या संध्याकाळचा आलेख निःसंशय तेजीचा होता. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी सुमारे ६ टक्के घसरला. त्याच आठवड्याच्या अखेरीस तो पुन्हा ३ जूनच्या पातळीवर आला. मतपेटीत काय आहे हे आलेखाला ठाऊक नव्हते. आलेख ही झालेल्या व्यवहारांची खतावणी आहे. उद्या दुकानात कोण गिऱ्हाईक येणार, हे कोणत्याही खतावणीत लिहिलेले नसते.

एका घराचा रोजमेळ

माझ्या परिचयात कापडाची एक पेढी आहे. तीन पिढ्यांचा व्यवहार. धाऱ्यावर पैसे न पोहोचल्याचा प्रसंग ठाऊक नाही. थोरला मुलगा हुशार. दोन दिवसांचा एक वर्ग करून आला आणि निर्देशांकाच्या साप्ताहिक ऑप्शनचे सौदे करू लागला. आरंभी स्वतःच्या बचतीतून, नंतर दुकानाच्या खात्यातून. ‘आठ दिवसांत परत भरीन’ असे तो मनाशी म्हणत राहिला. अखेर सणाच्या मालाचे सुरतेला द्यावयाचे पैसे चुकले. तेथून वडिलांना फोन आला. त्या व्यापाऱ्याने पैशांचा विषयच काढला नाही. ‘शेठ, तुमच्याकडून कधी उशीर होत नाही, तब्येत तर बरी आहे ना?’ एवढेच त्याने विचारले. वडिलांना जे कळावयाचे ते त्या प्रश्नातून कळले.

त्यांनी मुलाला बोल लावला नाही. ‘वही आण,’ म्हणाले. सून वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने दलालाकडून आलेल्या पावत्यांवरून प्रत्येक सौदा तारीखवार लिहून काढला. एकूण सौदे १४०. त्यांपैकी ८४ नफ्याचे, ५६ तोट्याचे. म्हणजे १०० पैकी ६० वेळा मुलाचा अंदाज बरोबर होता! परंतु नफ्याच्या सौद्यात सरासरी २,००० रुपये मिळाले होते आणि तोट्याच्या सौद्यात सरासरी ११,००० रुपये गेले होते. नफा १,६८,००० रुपये, तोटा ६,१६,००० रुपये. दलाली आणि कर मिळून आणखी ५७,००० रुपये. एकूण ५,०५,००० रुपये नावे.

वडील वही मिटून म्हणाले, ‘तुझा अंदाज वाईट नव्हता. तू नफ्याला घाबरलास आणि तोट्याला जपलास. बुडत्या गिऱ्हाइकाला आपण आणखी माल देतो का?’

धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडून सुरतेचे पैसे चुकते झाले. पेढीची पत राहिली. मुलगा आज दरमहा त्या ठेवीची रक्कम भरून काढीत आहे आणि वहीत त्याच्या नावापुढे बाकी अजून दिसते.

हा प्रसंग एका घराचा असला तरी अपवादात्मक नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. खर्च धरून हा तोटा प्रत्येकी सरासरी सुमारे २ लाख रुपये होता. सौद्यांचा खर्च वजा जाता १ लाख रुपयांहून अधिक नफा केवळ १ टक्का व्यक्तींच्या वाट्याला आला. या ९३ टक्क्यांत आलेख वाचता येणारे पुष्कळ असणार. वाचन येऊनही तोटा का होतो, याचे उत्तर त्या सुनेने लिहिलेल्या वहीत आहे.

आपल्या परंपरेत चार कषाय सांगितले आहेत. सौद्यांच्या वहीत ते चारही दिसतात. तोटा झाल्यावर बाजाराचा सूड उगवावा तसा लगोलग दुसरा सौदा करणे, हा क्रोध. आपला अंदाज चुकला हे मान्य न करणे, हा मान. घरापासून आणि स्वतःपासून आकडा लपविणे, ही माया. दोन वेळा नफा होताच तिसऱ्या वेळी पाचपट रक्कम लावणे, हा लोभ. कोणताही दर्शक यांवर उपाय सांगत नाही. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या घराला मात्र दिवसअखेर आपले चुकले कोठे हे पाहणे नवे नाही. तीच सवय सौद्यांच्या वहीला लावावयाची आहे.

राजाबाई मनोरा आणि १८६५

मुंबईत विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. प्रेमचंद रायचंद या आपल्या समाजातील मोठ्या व्यापाऱ्याने आपल्या मातोश्रींच्या नावे त्यासाठी १८६४ मध्ये दान दिले. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या आणि त्यांच्या समभागांचा सट्टा उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, समभाग मातीमोल झाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि खुद्द प्रेमचंद रायचंद यांचीही अपार संपत्ती गेली.

त्या ४ वर्षांचा आलेख कोणी काढला असता तर तो जवळजवळ अखेरपर्यंत ‘घ्या’ असेच सांगत राहिला असता. कल ओळखणे तेव्हाही अवघड नव्हते. कोणत्या भावाला बाहेर पडावयाचे, हे आधी ठरवून ठेवलेले नव्हते आणि उधारीवर केलेल्या सौद्यांना सीमा नव्हती. तेजीच्या काळातील त्या दानातून १८७८ मध्ये मनोरा उभा राहिला. त्या काळचे बहुतेक समभाग नामशेष झाले.

मर्यादेचे गणित

परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे व्रत. किती ठेवावयाचे याची सीमा आपण स्वखुशीने, शांत चित्ताने, मोह समोर येण्यापूर्वीच आखतो. सौद्यातील सीमाही सौद्यापूर्वीच आखावी लागते, कारण भाव हलू लागल्यावर मन स्थिर राहत नाही.

तिचे गणित सोपे आहे. समजा, बाजारासाठी वेगळे काढलेले भांडवल ५,००,००० रुपये आहे. एका सौद्यात फार तर १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये गमवावयाचे, असे ठरविले. एक समभाग ४०० रुपयांना घ्यावयाचा आहे आणि आलेखावरील आधार मोडला असे ३८० रुपयांवर समजावयाचे आहे. म्हणजे प्रत्येक समभागामागे जोखीम २० रुपयांची. ५,००० ला २० ने भागले की २५० समभाग. खरेदी १,००,००० रुपयांची झाली, पण अंदाज चुकल्यास जावयाचे फक्त ५,०००. किती घ्यावे हा प्रश्न येथे तोट्याच्या सीमेवरून सुटतो. मनाच्या उत्साहावरून नव्हे.

स्टॉप-लॉसची आज्ञाही परिपूर्ण नसते. रात्रीत वाईट बातमी आली आणि समभाग सकाळी ३६० रुपयांवरच उघडला, तर विक्री ३८० ला होत नाही. ३६० च्या आसपास होते. म्हणून १ टक्क्याची सीमा आखताना हात आखडताच ठेवावा.

तोटा लहान ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. भांडवल २० टक्क्यांनी घटले तर मूळपदावर येण्यास २५ टक्के नफा लागतो. निम्मे गेले तर उरलेले दुप्पट व्हावे लागते. हे गणित पेढीवरील कोणालाही तोंडपाठ असते, मोबाइलवर मात्र त्याचा विसर पडतो.

आणि एक सीमा सर्वांत आधीची. दुकानाचे खेळते भांडवल, देणेकऱ्यांचे पैसे, भागीदारीतील रक्कम आणि लग्न-शिक्षणासाठी ठेवलेला पैसा यांना सौद्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. त्यासाठी बँकेचे खातेच निराळे असावे. भागीदारीच्या पेढीत तर हा केवळ घरचा प्रश्न राहत नाही. तो दुसऱ्याच्या विश्वासाचा प्रश्न होतो.

म्युच्युअल फंडांचा आलेख

आलेख वाचावयास शिकलेला तरुण पुढे म्युच्युअल फंडांच्या एनएव्हीवरही आधार आणि विरोधाच्या रेषा ओढू लागतो. येथे थांबावे.

समभागाचा भाव घेणारा आणि विकणारा यांच्या ओढाताणीतून ठरतो, म्हणून त्यात मानसिकतेच्या खुणा सापडतात. खुल्या मुदतीच्या फंडात युनिट आपण फंडाकडूनच घेतो आणि त्यालाच परत करतो. फंडाकडील सर्व समभागांचे त्या दिवशीच्या बंद भावाने मूल्य काढून, खर्च वजा करून, युनिटांच्या संख्येने भागले की एनएव्ही येते. ती दिवसातून एकदाच निघते. तिला दिवसाचा उच्चांक नाही, नीचांक नाही, सौद्यांची उलाढाल नाही. एनएव्ही १० रुपये म्हणजे स्वस्त आणि ५०० रुपये म्हणजे महाग, हाही भ्रमच आहे.

आलेख पाहून फंडात वारंवार आत-बाहेर करणे महागही पडते. अनेक समभाग फंडांत वर्षाच्या आत पैसे काढल्यास निर्गमन शुल्क लागते. जुलै २०२४ च्या बदलानंतर समभाग फंडावरील वर्षाच्या आतील नफ्यावर २० टक्के, तर त्यापुढील काळाच्या १,२५,००० रुपयांवरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. फंड निवडताना त्याचा वार्षिक खर्च, निरनिराळ्या ५-५ वर्षांच्या काळांतील सातत्य आणि आपल्या गरजेची मुदत पाहावी. दरमहाच्या एसआयपीचा हेतूच मुळी भावाचा अंदाज बांधण्याच्या ओझ्यातून मुक्त होणे हा आहे.

व्यापारी घरांसाठी फंडांचा एक उपयोग मात्र ध्यानी ठेवण्याजोगा आहे. हंगामात आलेले आणि महिना-दोन महिन्यांनी द्यावयाचे पैसे चालू खात्यात बिनव्याजी पडून राहतात. ओव्हरनाइट किंवा लिक्विड प्रकारच्या फंडांत असे पैसे ठेवता येतात. ओव्हरनाइट फंड एका दिवसाच्या मुदतीच्या, तर लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या साधनांत गुंतवणूक करतात. जोखीम कमी असली तरी शून्य नसते आणि लिक्विड फंडात पहिल्या ६ दिवसांत पैसे काढल्यास अल्प शुल्क लागते, हे जाणून ठेवावे.

शिकावे कोठे, कसे

सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेचे संकुल आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. सेबी आणि एनआयएसएम यांची सामान्य गुंतवणूकदारांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा विनामूल्य आहे. आरंभ तेथून करावा. खासगी वर्ग लावावयाचा असल्यास दोन कसोट्या पुरेत. निश्चित परताव्याची हमी देणारा शिक्षक असू शकत नाही. आणि शिकविण्याच्या नावाखाली आजच्या आज काय घ्यावे हे सांगणारा असेल, तर तो सेबीकडे नोंदलेला सल्लागार किंवा संशोधन विश्लेषक आहे का, हे पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने याविषयी स्पष्टीकरण दिले होते : केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील ३ महिन्यांतील भाव वापरून समभागांविषयी बोलू नये.

त्यानंतर पहिले ६ महिने कागदावर सौदे करावेत. ५ परिचित कंपन्या निवडाव्यात, रोज संध्याकाळी त्यांचे भाव वहीत लिहावेत, सरासरी काढावी आणि ‘आज घेतला असता तर’ असे सौदे नोंदवावेत. कागदावर ज्याला तोटा तोडता येत नाही, त्याला रोख पैशांनी तो तोडता येणार नाही. पुढे प्रत्यक्ष सौदे सुरू करताना पूर्ण पैसे भरून घेतलेल्या समभागांपुरतेच राहावे. उसन्या पैशांचे आणि ऑप्शनचे सौदे शिकण्याच्या काळात वर्ज्य समजावेत.

आता त्या पानाविषयी. यंदा चोपडापूजन झाल्यावर बाजारासाठी निराळी वही घालावी आणि तिच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहाव्यात : बाजारासाठी एकूण किती रक्कम, एका सौद्यात फार तर किती तोटा, महिन्यात किती तोटा झाला की सौदे बंद, आणि कोणत्या पैशाला हात लावावयाचा नाही. खाली शिकणाऱ्याने सही करावी आणि घरातील आणखी एका व्यक्तीची सही घ्यावी. आई असो, पत्नी असो, वडील असोत. वही त्यांना केव्हाही उघडता यावी. लपवावे असे तिच्यात काही असणार नाही, तोवर शिकणे योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे.

सर्व वाचकांना नूतन वीर निर्वाण संवताच्या हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र.